हात धरून उभे करणे
(नांदेड-लातूर भागातील गोरगरीब कुटुंबांच्या स्वावलंबनाची वाटचाल)

देवळाचा जीर्णोद्धार ठरला की गावात प्रथम एक वही निघते. कोणी रोख रक्कम देतो, कोणी सिमेंटची गोणी, कोणी पायलीभर ज्वारी, तर कोणी चार दिवसांचे अंगमेहनतीचे काम. ज्याने जे दिले ते त्याच्या नावापुढे लिहिले जाते आणि चार माणसांसमोर वाचून दाखविले जाते. गावाचा विश्वास या वहीवर असतो. वही उघडी राहिली तर काम पुरे होते आणि ती कोणाच्या तरी कपाटात बंद झाली तर खांब अर्धेच उभे राहतात, हा अनुभव मराठवाड्यातील अनेक खेड्यांनी घेतलेला आहे.

अशीच उघडी वही गोरगरिबांचा संसार सावरण्यासाठी कामाला लागते तेव्हा काय घडते, याचाही एक इतिहास नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांना आहे. गावकऱ्यांच्या व देणगीदारांच्या हाती ही स्मरणिका पडत असताना त्या इतिहासाची थोडक्यात उजळणी करणे उचित ठरेल. कारण देणाऱ्याला नेहमीच एक प्रश्न पडतो : दिलेले कोठे जाते? घेणारा त्यातून उभा राहतो, की पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारात येतो?

जुनी वहिवाट

या भूमीला देण्याची शिकवण नवी नाही. नांदेड येथे इ. स. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजी यांनी देह ठेवला. तेथील सचखंड गुरुद्वाराच्या लंगरात जात-पात न विचारता सर्वांना एका पंगतीत जेवू घातले जाते. लातूर-उदगीरच्या शेजारी असलेल्या कल्याण येथे बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी ‘कायक’ आणि ‘दासोह’ ही दोन तत्त्वे सांगितली. कायक म्हणजे प्रामाणिक कष्ट आणि दासोह म्हणजे त्या कष्टाच्या फळातून समाजाला वाटा देणे. हे दोन शब्द जोडीने सांगितले गेले याला मोठा अर्थ आहे. देणाऱ्याने कष्टाचे द्यावे, आणि कष्ट करून देण्याचा मान प्रत्येकाला असावा, असा तो विचार आहे.

खेड्यातील व्यवहारातही परस्पर मदतीच्या रीती होत्या. एका बैलाच्या शेतकऱ्याने दुसऱ्या एका बैलाच्या शेतकऱ्याशी वारंगुळा करावा आणि दोघांची पेरणी उरकावी. अडल्यानडल्याला हात-उसने द्यावे. विधवेला शेळी निम्म्या वाट्याने पाळायला द्यावी, म्हणजे पहिल्या वेतातून तिचे स्वतःचे करडू उभे राहावे. या शेळीच्या रीतीत पुढच्या सगळ्या योजनांचे बीज आहे. दिलेली वस्तू संपत नाही, ती वाढते, आणि घेणारी बाई मिंधी राहत नाही.

परंतु या रीतींना मर्यादा होत्या. त्या बहुधा आपापल्या भावकीत व आपापल्या वस्तीत चालत. ज्याच्याकडे बैल नाही त्याच्याशी वारंगुळा कोण करणार? भूमिहीन माणूस पाडव्याला सालगडी म्हणून राही, मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी उचल घेई आणि पुढच्या पाडव्यालाही त्याच वाड्यावर राही. पावसाळ्यात घरातले धान्य सरले की सवाई-दिढीने ज्वारी आणावी लागे. पायलीला सव्वा पायली, कधी दीड पायली सुगीत परत द्यायची. सुगी आली की अर्धी रास खळ्यावरूनच जाई. अशा घराला अन्नदान एक दिवस पुरे. त्याचे पुढचे साल मात्र मोकळे होत नसे.

पावापासून पतपेढीपर्यंत

हाच प्रश्न दूरदेशीही पडलेला होता. जर्मनीत १८४६-४७ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला. फ्रीडरिश रायफायझन नावाचे गृहस्थ तेव्हा एका लहानशा गावाच्या कारभाराचे प्रमुख होते. त्यांनी सधन लोकांकडून वर्गणी काढली, पीठ आणले, भट्टी उभारली आणि गरिबांना पाव पुरविला. लोक जगले. पण दुष्काळ सरल्यावरही तेच लोक सावकाराच्या दारात उभे असलेले त्यांनी पाहिले. सधनांच्या दयेवर चाललेली मदत फार काळ टिकत नाही, असेही त्यांना दिसून आले. अखेर १८६४ मध्ये त्यांनी गावकऱ्यांचीच पतपेढी काढली. सर्वांनी एकमेकांना जामीन राहायचे, कर्ज गावातच द्यायचे आणि परत आलेला पैसा पुन्हा गावातच फिरवायचा, अशी तिची रीत होती.

याच विचारावर हिंदुस्थानात १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. नांदेड, लातूर हा मुलूख त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे तसा कायदा १९१४ साली आला. पण कायदा आला म्हणून पत आली नाही. ज्याच्या नावावर जमीन त्यालाच कर्ज मिळे, आणि पेढीचे पंच बहुधा गावचे मातब्बरच असत.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५० च्या कुळकायद्याने कसणाऱ्यांना काही संरक्षण मिळाले. तरी गरिबाच्या कर्जाची स्थिती कशी होती हे रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीच्या पाहणीतून दिसून आले. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या या अखिल भारतीय पाहणीत असे आढळले की, शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपये कर्जात सहकारी संस्थांकडून आलेले रुपये जेमतेम तीन होते आणि सावकारांकडून आलेले सत्तरच्या जवळपास. म्हणजे पन्नास वर्षांच्या सहकारानंतरही गरिबाची वही सावकाराच्याच गादीखाली होती.

सुताच्या गुंडीवर संसार

गरिबाच्या घरी काम पोचविण्याचा एक जुना प्रयत्न म्हणजे खादी. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ व त्यांचे सहकारी यांच्या प्रेरणेतून या भागात खादीचे काम रुजले. १९६७ साली मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती स्थापन झाली. तिचे मुख्य ठिकाण नांदेड. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे राष्ट्रध्वजाचे कापड विणले जाऊ लागले आणि नांदेड येथे त्याचे ध्वज शिवले जाऊ लागले. उदगीरच्या मागावरील कापड नांदेडात शिवले जाऊन सरकारी कचेऱ्यांवर फडकते, ही गोष्ट या दोन्ही जिल्ह्यांनी अभिमानाने सांगावी अशीच आहे.

खादीत मजुरी सुताच्या गुंडीवर मिळते. जेवढे कातले तेवढे मोजले जाते. चूल-मूल सांभाळून घरातल्या बाईला ते काम करता येते आणि गुंडी मोजताना तिच्यासमोरच मोजली जाते. मजुरी फार नसे, हे खरे. पण शेतीचे काम नसलेल्या महिन्यांत घरात येणारे दोन पैसे उसने आणलेल्या दहा पैशांपेक्षा मोलाचे असतात. या कामाचे एक भय मात्र कायम राहिले. ते म्हणजे मागणीचे. डिसेंबर १९२१ नव्हे, शंभर वर्षांनंतरच्या डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावर तयार झालेल्या व पॉलिस्टरच्या ध्वजालाही मान्यता मिळाली. ज्यांचा संसार हातमागाच्या ध्वजावर चालत होता त्यांच्यापुढे त्यामुळे नवी चिंता उभी राहिली. घरी काम पोचविणे हे अर्धेच काम आहे. त्या कामाला गिऱ्हाईक टिकविणे हे दुसरे अर्धे, आणि अधिक अवघड.

बहात्तरचा दुष्काळ आणि कामाचा हक्क

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून गावोगाव आहेत. विहिरी आटल्या, कडबा संपला, दावणीची जनावरे मिळेल त्या भावाने गेली. तांबड्या मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर लोकांनी दिवस काढले. ज्यांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर काम केले नव्हते असे शेतकरीही खडी फोडायला बसले. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशी ती कामे होती. फुकटचे धान्य वाटण्यापेक्षा काम देऊन दाम देण्याचा हा मार्ग लोकांनी मनापासून स्वीकारला, कारण त्यात हात पसरावा लागत नव्हता.

या मार्गामागे एका माणसाचा विचार होता. सांगली जिल्ह्यातील विसापूरचे वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम द्यावे, ही त्यांची कल्पना. १९६५ साली विसापूर भागात तिचा प्रयोग झाला. दुष्काळाच्या अनुभवानंतर तिला बळ आले, १९७७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, बाईला व पुरुषाला कामाच्या मापाने सारखा दर द्यावा, कामावर पिण्याचे पाणी व लहान मुलांसाठी सावली असावी, अशा त्यात तरतुदी होत्या.

या योजनेचा पैसा कोठून आला हेही देणगीदारांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. १९७५ च्या कायद्याने नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसला आणि त्यात राज्य सरकारने आपला वाटा घातला. म्हणजे मुंबईतील कारकुनाच्या पगारातून कापलेल्या पाच-दहा रुपयांवर कंधार-मुखेडच्या माळावरील मजुराची चूल पेटली. एका अर्थाने साऱ्या राज्याने काढलेली ती लोकवर्गणीच होती.

सालगड्याच्या जीवनात या योजनेने एक गोष्ट केली. ‘येथे पटत नसेल तर जा’ या वाक्यातील धाक कमी केला. जायला दुसरे ठिकाण असले की पाडव्याचा करार करताना माणूस मान वर करून बोलतो. पण दोषही होते. हजेरीपटावर खोटी नावे लागली. मजुरी महिना-महिना रखडली, तेव्हा पोटासाठी पुन्हा उसनवारीच करावी लागली. काही ठिकाणी वर्षानुवर्षे खडीच फुटत राहिली आणि मजुराच्या घरी काही उभे राहिले नाही. या उणिवेवर एक चांगला उपाय १९९० साली निघाला. रोजगार हमीतून शेतकऱ्याला स्वतःच्याच जमिनीत फळबाग लावता येऊ लागली. आपल्याच रानात खड्डे खणायचे, मजुरी घ्यायची, झाडे जगवायची आणि पुढे फळ आपलेच. कोरडवाहू रान असलेल्या लहान शेतकऱ्याला त्यातून आंबा-बोर-सीताफळाचा आधार मिळाला. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी कामाच्या हमीचा कायदा झाला. फेब्रुवारी २००६ मध्ये त्याचा आरंभ ज्या जिल्ह्यांत झाला त्यांत नांदेड होते. विसापूरच्या माळावर सुचलेली कल्पना अशी देशभर गेली.

म्हशीचे कर्ज

मजुरीबरोबर पतही हवी, या हेतूने १९७६ साली मराठवाडा ग्रामीण बँक सुरू झाली. तिचे मुख्य कार्यालय नांदेडला होते. खेड्यातील लहान माणसासाठी काढलेल्या देशातील आरंभीच्या ग्रामीण बँकांत तिची गणना होते. पुढे २००९ मध्ये विलीनीकरण होऊन महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली.

२ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातील सर्व विकास गटांत लागू झाला. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन किंवा बैलगाडी घेण्यासाठी बँकेचे कर्ज आणि सरकारचे अनुदान, अशी ती योजना होती. भूमिहीन मजुराला किमतीचा सुमारे तिसरा हिस्सा अनुदान मिळे. हेतू उत्तम होता. शेळी वाट्याने देण्याच्या जुन्या रीतीचेच ते मोठे रूप होते.

तरी अनेक ठिकाणी म्हैस आली आणि गेली. कारणे गावातल्या कोणालाही सांगता येतील. ज्याला रान नाही त्याने वैरण कोठून आणावी? दूध घालायला डेअरीची गाडी गावात येते का? दुभती म्हैस भाकड झाल्यावर पुढचे सात-आठ महिने हप्ता कशातून भरावा? काही वेळा एकच म्हैस दोन-तीन जणांच्या नावावर दाखविली गेल्याच्या कथा त्या काळी गावोगाव ऐकू येत. म्हैस मेली तरी कर्ज जिवंत राहिले. १९९० साली दहा हजारांपर्यंतची कर्जे माफ झाली तेव्हा कुटुंबांची सुटका झाली खरी, पण बँकेच्या मनात गरिबाविषयी एक अढी बसली. हा माणूस फेडीत नाही, असे तिने ठरविले. वस्तुतः तो फेडू शकेल अशी व्यवस्थाच उभी केलेली नव्हती. वस्तू देऊन पाठ फिरविली तर ती वस्तू आधार होण्याऐवजी ओझे होते, हा या काळाचा धडा होय.

किल्लारीचा भूकंप

१६ ऑगस्ट १९८२ च्या सुमारास जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झालेला लातूर जिल्हा अजून कोवळाच होता, तोच ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उगवली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. गोल दगड, मातीचा लेप आणि वर माळवदाचा जड थर अशी घरे होती. उन्हाळ्यात ज्या माळवदाने गारवा दिला त्यानेच त्या पहाटे माणसे गाडली.

देशभरातून व परदेशातून मदतीचा ओघ आला. धान्य, कपडे, औषधे, तंबू आले. बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. पण लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत अशीही पुष्कळ गावे होती की जी उठवायची नव्हती. तेथील तडे गेलेली घरे जागेवरच दुरुस्त करून बळकट करायची होती. सरकारचे पैसे घरमालकाला हप्त्याने मिळणार आणि काम त्यानेच करून घ्यायचे, असे ठरले.

येथे एक नवी गोष्ट झाली. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने काम करणाऱ्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला लोकसहभागाचे काम सोपविण्यात आले. सुमारे तेराशे गावांत महिला मंडळांमार्फत हे काम पोचले. गावातीलच एका बाईने ‘संवाद सहायक’ व्हावे, घरोघरी जाऊन हप्ता कसा मिळतो, भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारे लांब दगड कोठे बसवायचे, खांब आणि तुळई यांना तिरका आधार कसा द्यायचा, माळवदाची माती किती कमी करायची, हे समजावून सांगावे, अशी योजना होती. गवंडी पुरुष होता, कागद तलाठ्याकडे होता, पैसा बँकेत होता. या तिघांना विचारणारी बाई प्रथमच उभी राहिली. आरंभी ‘बायकांना भिंतीतले काय कळते’ असे म्हणणारे कमी नव्हते. परंतु त्या भिंतीखाली कोण सापडते हे बायकांना चांगले कळत होते.

पुनर्वसनाचा कार्यक्रम १९९८ च्या सुमारास आटोपला. एरवी अशा वेळी संस्था जातात, वाहने जातात आणि गाव पुन्हा पूर्ववत होते. येथे बायका एकत्र राहिल्या. घराचा हिशेब ठेवायला शिकलेल्या बायकांनी पैशाचा हिशेब ठेवायला घेतला. त्यांतून बचतीचे गट, पुढे लहान धंदे आणि अलीकडच्या दुष्काळांत एक एकर शेतीचा प्रयोग उभा राहिला. घरच्या जमिनीपैकी एक एकर बाईच्या हाती द्यायचे, त्यात नुसते सोयाबीन न घेता ज्वारी, डाळी, भाजीपाला असे घरी खाता येणारे घ्यायचे, खत घरचे आणि पाणी मोजून. बाजारभाव पडला तरी घरात खायला राहते, हा त्याचा मथितार्थ. या कामासाठी संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा विषुववृत्त पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आठवले म्हणजे त्या एका एकराचे मोल कळते.

पत्र्याच्या पेटीतील बँक

बचत गटांची चळवळ भूकंपग्रस्त गावांपुरती राहिली नाही. महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात झाली होती. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग देशात केवळ पाचशे गटांपासून सुरू केला. १९९४ पासून आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने महाराष्ट्र ग्रामीण पतपुरवठा प्रकल्प चालला. त्यात नांदेड जिल्ह्याचा समावेश होता. गावोगाव फिरणाऱ्या सहयोगिनींनी गट बांधले. १९९९ च्या स्वर्णजयंती योजनेने आणि २०११ नंतरच्या उमेद अभियानाने हे काम पुढे नेले.

गटाचे गणित साधे आहे. उदाहरणादाखल बारा बायकांचा गट घेऊ. प्रत्येकीने महिन्याला तीस रुपये टाकले तर वर्षाला ४,३२० रुपये होतात. एकीला आजारपणासाठी दोन हजार लागले. सावकाराकडून महिना शेकडा पाचने घेतले तर वर्षाचे व्याज बाराशे रुपये होते आणि ते सावकाराच्या घरी जाते. गटातून शेकडा दोनने घेतले तर व्याज चारशे ऐंशी होते आणि ते गटाच्याच पेटीत राहते. पुढच्या वर्षी तेच पैसे दुसरीच्या शेळीला कामी येतात. बाराशे आणि चारशे ऐंशी यांतील सातशे वीस रुपये कोणी दान दिलेले नसतात. ते त्या घराचेच होते, फक्त बाहेर जायचे थांबले.

याहून मोठी गोष्ट वहीची. महिन्याच्या बैठकीत सर्वांसमोर पेटी उघडते, पैसे मोजले जातात, वही वाचली जाते. जिला अक्षर येत नाही ती आकडे पाठ ठेवते. दुसरीचा हप्ता थकला तर कारण विचारले जाते, आणि खरे कारण असेल तर मुदतही मिळते. ‘हा माणूस फेडीत नाही’ असे ज्यांच्याविषयी ठरले होते त्यांच्याच घरच्या बायकांना पुढे बँका कर्ज देऊ लागल्या, ते या वह्या पाहून. पिठाची गिरणी, शिवणकाम, शेवया-पापड, शेळीपालन, लहानशी डाळ मिल असे धंदे त्यातून निघाले. तूरडाळीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या लातूरच्या मुलुखात डाळ भरडून विकणे हे बायकांना परके काम नव्हते.

पण खरे ते सांगितले पाहिजे. सर्वच गट टिकले नाहीत. काही ठिकाणी अनुदान मिळेपर्यंत बैठका झाल्या आणि अनुदान वाटून घेतल्यावर वही मिटली. काही घरांत कर्ज बाईच्या नावावर आणि पैसा दुसऱ्याच्या हाती, असे झाले. जे सर्वांत गरीब, त्यांना तीस रुपयेही जड गेले. मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट या डोंगराळ भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांनी महिन्याच्या बैठकीला बसावे कसे? मुकादमाची उचल हीच त्यांची बँक राहिली. अलीकडे दारात येऊन कर्ज देणाऱ्या आणि दर आठवड्याला हप्ता मागणाऱ्या कंपन्याही आल्या. तेथे कर्ज लवकर मिळते, पण व्याज गावाबाहेर जाते आणि एक हप्ता भरायला दुसरीकडून घ्यावे लागते. सावकाराची गादी गेली, पण त्याची रीत पुन्हा आली, असेही काही घरांना वाटते.

इतिहासाचा निष्कर्ष

सव्वाशे वर्षांच्या या वाटचालीकडे पाहिले म्हणजे काही गोष्टी स्पष्ट होतात. संकटाच्या पहिल्या दिवशी भाकरीच द्यावी लागते. बहात्तरची सुकडी आणि किल्लारीचे तंबू यांना पर्याय नव्हता. परंतु त्यानंतर जी मदत टिकली तिच्यात तीन गोष्टी आढळतात. पहिली, घेणाऱ्याच्या हाताला काम किंवा साधन मिळाले आणि त्याच्या मागे वैरण, पाणी, बाजार यांचीही सोय झाली. दुसरी, हिशेब घेणाऱ्यांच्याच हाती राहिला आणि तो उघड्यावर वाचला गेला. तिसरी, परत आलेला पैसा गावातच राहून दुसऱ्या घरी गेला. या तिन्ही गोष्टी जुळल्या तेथे कुटुंब उभे राहिले. त्यांतील एकही तुटली तेथे म्हैस गेली आणि कर्ज राहिले.

जीर्णोद्धाराचे काम करणारे कारागीर जुन्या देवळाचे दगड टाकून देत नाहीत. प्रत्येक दगडावर खूण घालतात, तो साफ करतात आणि पुन्हा त्याच्या जागी बसवितात. नवा दगड तेथेच घालतात जेथे जुना खरोखर भंगलेला असतो. गरीब कुटुंबालाही हेच लागू पडते. त्या घरात कष्ट असतात, कला असते, शेळी राखण्याचे व बी निवडण्याचे ज्ञान असते. सारे नव्याने द्यावे लागत नाही. सुटलेला दगड जागेवर बसवावा लागतो.

देवळाच्या कामासाठी गावाने जी एकी केली, जी वही उघडी ठेवली आणि दूर राहणाऱ्या लेकरांनीही ज्या आपुलकीने वर्गणी पाठविली, ती शिदोरी कळस चढल्यावर संपून जाऊ नये. गावात अजूनही एखादे घर पाडव्याच्या उचलीत अडकलेले असेल, एखादे कोयता घेऊन निघण्याच्या तयारीत असेल, एखाद्या बाईच्या गटाची वही दोन वर्षे मिटलेली असेल. त्या घरांची नावे कोनशिलेवर येणार नाहीत. पण उद्या त्याच घरातून एखादी माउली सभामंडपात येईल आणि स्वतःच्या कष्टाचे अकरा रुपये वर्गणीच्या वहीत लिहून घ्या म्हणेल, तेव्हा कायक आणि दासोह या दोन शब्दांची जोडी आपल्या गावात खऱ्या अर्थाने जुळली असे म्हणता येईल. तो दिवस लवकर येवो, हीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.